‘सॅक्रिफाइस’ : एका संज्ञेचा अर्थ

बेसबॉलमध्ये ‘सॅक्रिफाइस’ म्हणजे त्याग. दोनपेक्षा कमी गडी बाद असताना फलंदाज बॅट आडवी धरून चेंडू हलकेच ढकलतो. तो स्वतः बाद होतो. परंतु त्याचा सहकारी पुढील बेसवर पोहोचतो. ही खेळी फलंदाजीच्या सरासरीत धरली जात नाही. म्हणजेच, संघासाठी बाद होणे हे अपयश नव्हे, असे नियमच मानतो. अमेरिकेतील क्लीव्हलँड संघाच्या रे चॅपमनच्या नावावर १९१७ च्या हंगामात अशा त्यागाच्या ६७ नोंदी झाल्या. तो विक्रम अद्याप अबाधित आहे. १९२० मध्ये सामन्यात डोक्याला चेंडू लागून त्याचा मृत्यू झाला.

वाक्यात उपयोग : त्याने सॅक्रिफाइस करून सहकाऱ्याला पुढे नेले.

विचार करा : ‘त्याग’ आणि ‘पराभव’ यांत कोणता फरक आहे?