शहराच्या पोटातले गाव : बार्सिलोनातील ग्रासिया

शहर वाढले की ते भोवतालची गावे गिळून टाकते, असे आपण भूगोलाच्या तासाला शिकतो. परंतु गिळलेले प्रत्येक गाव पचतेच असे नाही. भूमध्य समुद्राकाठच्या बार्सिलोना शहरातील ग्रासिया ही वस्ती याचे उत्तम उदाहरण आहे, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात तिचाच थोडक्यात विचार करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बार्सिलोना तटबंदीच्या आत कोंडलेले होते. तटाबाहेर तोफेच्या टप्प्यात बांधकाम करण्यास लष्कराची मनाई होती. त्या टप्प्याच्या पलीकडे, शेतमळ्यांच्या जागी ग्रासिया वाढले. १८५० मध्ये त्याला स्वतंत्र नगरपालिकाही मिळाली. मळे तुकड्यातुकड्यांनी विकले गेले. ज्याने त्याने आपापल्या सोयीने गल्ली आखली व मध्ये एखादा चौक सोडला. अरुंद गल्ल्या आणि लहान लहान चौक ही ग्रासियाची आजची ठेवण अशी घडली.

१८५४ मध्ये तट पाडण्यास आरंभ झाला. पुढे मधल्या मोकळ्या पट्ट्यात वीस मीटर रुंद रस्त्यांचे चौकोनी नवे नगर उभे राहू लागले. त्यासाठी १८५९ मध्ये झालेल्या नगरपालिकेच्या स्पर्धेत आंतोनी रोविरा यांचा आराखडा पहिला आला होता. पण माद्रिदच्या सरकारने इल्देफोन्स सेर्दा यांचा आराखडा लादला. त्याच रोविरांनी रचलेला ३३ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा ग्रासियाच्या मुख्य चौकात आजही उभा आहे. १८७० मध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध येथे उठाव झाला. त्यात स्त्रियांचा मोठा वाटा होता. तोफांचा मारा चालू असतानाही मनोऱ्यावरील घंटा वाजत राहिली, आणि तीच गावाच्या स्वाभिमानाची खूण बनली.

१८९७ मध्ये ग्रासिया बार्सिलोनात विलीन करण्यात आले. नगरपालिका गेली; मग उरले काय? माझ्या मते, उरली ती एकत्र काम करण्याची सवय. दर ऑगस्टमध्ये येथे मोठा उत्सव भरतो. गल्लीगल्लीतील रहिवासी कित्येक महिने आधीपासून कागद, पुठ्ठा, रिकाम्या बाटल्या यांतून सजावट तयार करतात. गल्ल्यांची चुरस लागते, बक्षिसे दिली जातात. सजावट आठवड्याभराने उतरते. पण ती करताना जुळलेली शेजारधर्माची नाती वर्षभर टिकतात. मर्से रोदोरेदा या कॅटलान लेखिकेची प्रसिद्ध कादंबरी (१९६२) येथल्याच एका चौकाच्या नावाने ओळखली जाते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता या गावपणाला निराळाच धोका आहे. ज्या चौकांमुळे ग्रासिया हवेहवेसे वाटते, त्यांच्याचमुळे पाहुणे येतात, घरे प्रवाशांना भाड्याने जातात, भाडी चढतात आणि जुन्या बिऱ्हाडांना निघावे लागते. २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या महापौरांनी प्रवाशांसाठीच्या घरांचे परवाने २०२८ पर्यंत संपविण्याचा मनोदय जाहीर केला, तो याच प्रश्नामुळे.

तोफांनी व विलीनीकरणाने जे मोडले नाही, ते भाडेवाढीने मोडू शकते. गल्ली जशीच्या तशी राहील, मनोराही राहील. पण सजावटीला हात लावणारा शेजारी राहिला नाही, तर त्या दगडविटांना गाव कोण म्हणेल? जुन्या वस्त्यांचे जतन करावयाचे तर घरांइतकाच त्यांत राहणाऱ्या माणसांचाही विचार झाला पाहिजे, हाच ग्रासियाचा धडा आहे.