केनिया देशातील कोरडा ऋतू

पूर्व आफ्रिकेतील केनिया देशावरून विषुववृत्त जाते. अशा देशात बारमाही पाऊस असावा, असे वाचकांस वाटेल. परंतु नैरोबी शहराच्या आग्नेयेस जो मचाकोस नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तेथील स्थिती निराळी आहे. मचाकोस गाव समुद्रसपाटीपासून ५,००० फुटांहून अधिक उंच असल्यामुळे तेथील हवा सौम्य असते. पावसाळे दोन : मार्च ते मे हा लांब, व ऑक्टोबर ते डिसेंबर हा आखूड. त्यांच्या दरम्यान दोन कोरडे ऋतू येतात. त्यांतील मोठा जून ते सप्टेंबर हा होय. ज्या महिन्यांत आपली शेते हिरवी होतात, त्याच महिन्यांत तेथील कांबा लोकांच्या नद्या केवळ वाळूचे पट्टे होऊन राहतात. शिवाय पावसाचा भरवसा नाही. २०२० च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंत केनियाच्या उत्तर व पूर्व भागांत लागोपाठ पाच पावसाळे चुकले. तेव्हा हे लोक कोरडा ऋतू कसा निभावतात, ते पाहू.

(१) पाणी. नदीच्या पात्रात खडकावर पाया घेऊन आडवी पक्की भिंत घालतात. पुराबरोबर आलेली जाडी वाळू भिंतीमागे साचते, आणि कणांमधील पोकळीत पाणी भरून राहते. उघड्या तळ्याचे पाणी उन्हाने उडून जाते. वाळूखालचे पुष्कळसे टिकते, व गाळलेही जाते. पुढे स्त्रिया झिरा उकरून अथवा पंपाने ते काढितात, आणि त्यांची कोसांची पायपीट वाचते.

(२) माती. १९३० नंतरच्या दशकात हे डोंगर धुपून उघडे पडले होते. सरकारने सक्तीने बांध घालविले, ते लोकांस जाचक वाटले. परंतु पुढे त्यांनी आपखुशीने ‘फान्या जू’ ही रीत उचलली. ह्या स्वाहिली शब्दांचा भाव ‘वर टाक’ असा आहे. उताराला आडवा चर खणून माती वरच्या अंगास टाकितात. त्या बांधाआड माती साचून काही वर्षांत उताराच्या पायऱ्या होतात. शेत रिकामे असता ‘म्वेथ्या’ नावाच्या मंडळ्या मिळून हे काम करितात, व त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा असतो.

(३) पीक. आखूड पावसात मक्याबरोबर तूर पेरितात. मका निघून जातो. तूर मात्र खोल मुळांच्या बळावर उभी राहून कोरड्या ऋतूत शेंगा देते. केनियातील तूर भारतातही येते.

तथापि ह्या व्यवस्थेस एक मोठे भय आहे. शहरांतील इमारतींकरिता नद्यांची वाळू गाड्या भरभरून नेली जाते. वाळू भरणाऱ्यास त्या दिवसाची मजुरी मिळते; पण वाळू गेली म्हणजे तिच्यात राहणारे पाणीही गेले. ह्यावरून बोध हा की, पुढच्या पावसाचे पाणी कोठे थांबेल, हे कोरड्या ऋतूतील कामावर ठरते. आणि एका दिवसाच्या मजुरीसाठी जे विकले जाते, ते साऱ्या गावाचे पाणी असते.

प्रश्न : १. वाळूखाली पाणी अधिक काळ का टिकते? २. सक्तीने केलेले काम व आपखुशीने केलेले काम, ह्यांत मचाकोस येथे काय भेद दिसला? ३. आपल्या गावच्या ओढ्याची वाळू कोठे जाते, व विहिरींवर त्याचा काय परिणाम झाला आहे?