परीच्या पुस्तकाला लॅमिनेशन नको

जालना एमआयडीसी

चि. सई,

रद्दीवाल्याकडे ‘परी ग परी’ची जुनी प्रत मिळाली आणि तू ती लॅमिनेट करणार आहेस, असं ताईनं सांगितलं. आधी थांब. प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद सुटत नाही. चिकटपट्टीही नको, तिचा गोंद पिवळा पडून चित्रात उतरतो.

माझ्या लहानपणचं गाण्यांचं पुस्तक मी एकदा बाइंडिंगला दिलं होतं. बाइंडरनं कडा एकसारख्या करायला तिन्ही बाजू मशीनवर कापल्या. त्यातल्या चित्रातल्या परीच्या पंखाचं टोक गेलं. आजही ते पान उघडवत नाही.

कवी विंदा करंदीकरांचं ‘परी ग परी’ १९६५चं, त्यांचंच ‘राणीची बाग’ १९६१चं. इंग्रजीत कवयित्री ख्रिस्तिना रोझेटीचं ‘गॉब्लिन मार्केट’ १८६२ साली तिच्या भावाच्या चित्रांसह आलं, १९३३ साली आर्थर रॅकहॅमनं त्यासाठी नवी चित्रं काढली. तिकडचे संग्राहक दोन्ही आवृत्त्या शोधतात. आपल्या पुस्तकांनाही तेवढाच मान हवा. आपली पुस्तकं पोरांनी वाचून वाचून फाडली, म्हणून मळकी पण पुरी प्रत मी चकचकीत अपुऱ्या प्रतीहून मोलाची मानतो.

पुढची प्रत घेताना मुखपृष्ठाला भुलू नकोस. आत आवृत्ती, साल, चित्रकार, मुद्रक बघ. चित्रकाराचं नाव वहीत लिहून ठेव. कवीचं सगळ्यांना पाठ असतं. मग एकेक फर्मा, म्हणजे दुमडून शिवलेला पानांचा जुडगा, मोज. अशा शिवलेल्या बांधणीत, म्हणजे जुजबंदीत, एक पान निसटलं की त्याचं जोडपानही सैल होतं. पानाच्या मागून बोट फिरव: खिळ्यांची छपाई असेल तर अक्षरांचा दाब बोटाला लागतो, ऑफसेटला लागत नाही.

इथे रोलिंग मिलची काळी धूळ बंद खिडकीतूनही आत येते. लोखंडाचा कण कागदावर बसला आणि पावसाळ्यात ओल लागली की तपकिरी ठिपका उठतो, तो जात नाही. म्हणून माझी पुस्तकं धुतलेल्या सुती कापडात असतात. महिन्यातून एकदा मऊ, कोरड्या ब्रशनं झाडतो.

तुझ्या प्रतीत एखादं पान नसेल तर नसू दे, झेरॉक्स चिकटवू नकोस. दुसरी प्रत आपण शोधू. तोवर हात धुऊन, कोरडे करून छोट्या चिनूला रोज त्यातली एक कविता मोठ्यानं वाचून दाखव.

तुझा,
मामा