लामा आणि क्विनोआ : अँडीजच्या पठारावरचा एक धडा

लामा म्हटलं की लांब मानेचा, रागावला की थुंकणारा प्राणी डोळ्यांसमोर येतो. पण दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात राहणाऱ्या केचुआ आणि आयमारा या आदिवासी समाजांचं घर त्याच्यावरच चालत आलं आहे.

लामा हा उंटाच्या कुळातला, पण बिनवशिंडाचा प्राणी. जगात सर्वांत जास्त लामा बोलिव्हियात आहेत. तिथलं अल्तिप्लानो पठार सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, झाडं तुरळक, रात्री कडाक्याची थंडी. अशा जागी लामा काय देतो, ते पाहू.

१) ओझं : साधारण २५ ते ३० किलो वाहतो. जास्त लादलं तर सरळ खाली बसतो!
२) लोकर : दोर, पोती आणि पांघरुणं होतात.
३) मांस : मीठ लावून, वाळवून टिकवतात. त्याला 'चार्की' म्हणतात.
४) लेंड्या : कळप ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो, त्यामुळे गोळा करणं सोपं. काही चुलीत जळतात, बाकी शेताला खत.

शिवाय त्याचे तळवे मऊ असतात, त्यामुळे कुरणाची माती उखडत नाही.

आता खरा धडा. बोलिव्हियाच्या दक्षिण भागात पूर्वी डोंगरउतारावर क्विनोआ पिकायचा आणि सपाट माळावर लामा चरायचे. पुढे अमेरिका-युरोपात क्विनोआची मागणी वाढली, भाव चढले. २०१३ हे तर संयुक्त राष्ट्रांचं 'आंतरराष्ट्रीय क्विनोआ वर्ष' होतं. लोकांनी ट्रॅक्टर लावून माळ नांगरले. कुरणं घटली, तसे काही भागांत लामाही घटले. लामा नाहीत म्हणजे खत नाही. झुडपं गेल्यामुळे उघडी माती वाऱ्यानं उडू लागली. त्यात २०१५ च्या सुमारास भावही कोसळले.

चार पैसे मिळावेत असं त्या शेतकऱ्यांना वाटलं, यात त्यांचं काय चुकलं? पिढ्यान्‌पिढ्या गरिबी सोसलेली माणसं ती. पण शेत आणि कळप ही एकाच गाड्याची दोन चाकं होती. एक काढलं की दुसरं अडलं. शाश्वत विकास म्हणजे हेच : आजची कमाई करताना उद्याची माती राखणं.

विचार करा : तुम्ही त्या गावात असता, तर किती माळ नांगरला असता आणि किती लामांसाठी ठेवला असता? कारणांसह पाच वाक्यं वहीत लिहा.