भारहीन अवस्थेतील उंदरांचे घर

मुंबईस परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला, तो मुख्यतः उंदरांच्या साहाय्याने. अशा प्रयोगशाळांतील उंदराचा पिंजरा अगदी साधा असतो. तळाशी भुसा, वर उलटी टांगलेली पाण्याची बाटली आणि जाळीत खाद्याच्या गोळ्या. ही सारी मांडणी एकाच गृहीतावर उभी आहे : सुटलेली वस्तू खाली पडते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकात हा आधारच नाहीसा होतो.

तेथे भुसा तरंगत उंदराच्या नाकातोंडात जाईल, म्हणून तो वर्ज्य. मलमूत्रही खाली पडत नाही. म्हणून पंख्याने हवेचा अखंड झोत एका दिशेने सोडतात व त्याबरोबर घाण गाळणीकडे वाहून जाते. पृथ्वी जे काम फुकट करते, ते तेथे वाऱ्याकडून करवून घ्यावे लागते! खाद्याच्या घट्ट वड्या भिंतीस चिकटवितात. पाणी दाबाखाली नळीच्या टोकाशी आणलेले असते. उंदराने ते चाटले की थेंब येतो. भिंतींस जाळी हवीच, कारण नखांना पकड मिळाली नाही तर प्राणी अधांतरी हेलपाटत राहील.

ही व्यवस्था बिनचूक साधणे सोपे नाही. २००९ साली इटलीने बनविलेल्या पेटीत सहा उंदीर ९१ दिवस अवकाशात राहिले. जिवंत परतले तीनच. २०१३ साली रशियाच्या बियॉन-एम१ उपग्रहातील ४५ उंदरांपैकी ३० दिवसांनी केवळ १६ वाचले. यंत्रसामग्रीतील बिघाड हे त्याचे एक कारण होते. उपाशी वा भेदरलेल्या प्राण्याची हाडे झिजली, तर दोष भारहीनतेचा की पिंजऱ्याचा, हे कसे ठरवावे?

ह्या प्रश्नास जपानी शास्त्रज्ञांनी २०१६ साली सुरेख उत्तर दिले. नर उंदीर एकत्र ठेवले असता भांडतात, म्हणून बाराही उंदरांना स्वतंत्र खोल्या दिल्या. सहा तरंगत राहिले. उरलेल्या सहांच्या खोल्या चक्रावर फिरवून त्यांना पृथ्वीइतकेच वजन दिले. पेटी तीच, प्रवास तोच, फरक केवळ वजनाचा. ३५ दिवसांनी बाराही सुखरूप परतले. तरंगणाऱ्यांची हाडे व स्नायू क्षीण झाले होते. फिरविलेल्यांचे टिकून होते.

२०१४ साली अमेरिकेने पाठविलेल्या माद्यांच्या बाबतीत मात्र एक कोडे उरले. काही दिवसांतच त्यांतील तरुण माद्या पिंजऱ्याच्या भिंतींवरून गोल गोल धावू लागल्या, आणि पुढे सगळ्या मिळून धावू लागल्या. प्रौढ माद्यांनी असे केले नाही. हा व्यायाम, खेळ की अस्वस्थता?