पाणी बिघडतं ते वाटेत

पावसाळा सुरू झाला की आमच्या दवाखान्यातल्या बाकावर पोट धरून बसलेली मुलं वाढतात. कितीतरी वर्षं मी प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ लिहीत आले : पाणी उकळून प्या. एकदा वस्तीतल्या एका ताईंनी चिठ्ठी वाचून शांतपणे विचारलं, "डॉक्टर, घरात सहा माणसं. रोजचं सगळं पाणी उकळायचं तर सिलिंडर किती दिवस पुरेल?" मला उत्तर देता आलं नाही. ते राहिलेलं उत्तर आज लिहिते आहे.

आधी पाणी कुठे बिघडतं ते समजून घेऊ. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा अशा धरणांतून येतं. भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होऊन ते निघतं, तेव्हा चांगलं असतं. बिघडतं ते वाटेत. वस्तीत पाणी तास-दोन तास येतं, उरलेला दिवस पाइप रिकामी. या बारीक पाइपा बऱ्याचदा गटारातूनच जातात. दाब गेला की गंजलेल्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत झिरपतं आणि नळ आला की सगळ्यात आधी तेच हंड्यात पडतं. कुणी मोटर लावून पाणी खेचलं, तर ही घाणही जोराने आत ओढली जाते.

म्हणून पहिली सवय : नळ आल्यावर सुरुवातीचं पाणी पिण्यासाठी भरू नका. ते बादलीत घेऊन संडासासाठी वापरा म्हणजे वायाही जाणार नाही. पाणी स्वच्छ दिसू लागलं, वास गेला, की मग पिण्याचं भरा. मात्र नितळ दिसणारं पाणी जंतुविरहित असतंच असं नाही, त्यामुळे पुढची काळजी हवीच.

गढूळ पाणी आधी गाळा. जुन्या सुती साडीचं फडकं चांगलं. बांगलादेशातल्या मतलब भागात बायकांनी साडीचं फडकं किमान चार पदरी करून पाणी गाळलं, तेव्हा कॉलरा जवळपास निम्म्याने कमी झाला. २००३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटलेले असतात आणि ते जीव फडक्यात अडकतात. पण काविळीचे विषाणू फडक्यातून सहज पार होतात. तुरटीनेही गाळ फक्त खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

जंतू मारायला क्लोरीन हवं. मेडिक्लोरचे थेंब किंवा क्लोरीनच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात. आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडेही चौकशी करा. बाटलीवर किंवा पाकिटावर लिहिलेलं प्रमाण पाळा, पाणी ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा. हलका वास आला तर घाबरू नका. औषध अजून पाण्यात शिल्लक असल्याची ती खूण आहे. यात गॅस जळत नाही. उकळलेलं पाणी लहान मुलासाठी, आजाऱ्यासाठी आणि गरोदर बाईसाठी ठेवा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. गरोदर बाईचा उल्लेख मुद्दाम केला, कारण दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते.

एवढं करूनही घरात पाणी पुन्हा बिघडतं, ते हंड्यात बुडवलेल्या हातामुळे. लांब दांड्याचं ओगराळं वापरा किंवा तोटीचं भांडं घ्या. साठवणीचे ड्रम झाकून ठेवा. आठवड्यातून एकदा ते रिकामे करून आतून घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी ड्रमच्या कडेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

गावच्या वाचकांसाठी थोडं. विहिरीत टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जुनी, ओलसर झाली की तिच्यातलं क्लोरीन उडून जातं; वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर कामाची नाही. गावच्या पाण्यात क्लोरीन टाकणाऱ्या जलसुरक्षकाला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. ही तपासणी टाकीजवळच्या नळावर नको, गावाच्या शेवटच्या घरात करा. पाण्याच्या सुरक्षिततेसाठी आपल्या ग्रामपंचायतीला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालं आहे, हे ग्रामसभेत विचारा.

आता संडासाविषयी. सार्वजनिक संडास लांब, रांग मोठी, रात्री दिवा नाही. म्हणून कितीतरी बायका आणि मुली संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात. मग लघवीला जळजळ, ताप, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग. त्यांना मी औषध देते, पण दाराला कडी आणि आत दिवा असलेला संडास जवळ असता, तर यांतल्या किती जणींना माझ्याकडे यावंच लागलं नसतं. लहान मुलांच्या शीबद्दलही एक चुकीची समजूत आहे. बाळाची शी निरुपद्रवी नसते. ती गटारात टाकली तर त्याच गटारातल्या पाइपमधून तुमच्याच हंड्यात परत येऊ शकते. ती संडासातच टाका आणि मग साबणाने हात धुवा. स्वयंपाकाआधी आणि मुलाला भरवण्याआधीही हात धुवायचेच.

जुलाब लागलेच तर ओआरएस लगेच सुरू करा. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या याच पाण्याने असंख्य जीव वाचवले. पाकीट मिळालं नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या. अंगावरचं दूध आणि जेवण थांबवू नका. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज, १४ दिवस द्या. त्याहून लहान बाळासाठी डॉक्टरांना विचारा. शीतून रक्त पडत असेल, डोळे खोल गेले असतील, मूल सुस्त झालं असेल, काहीच पीत नसेल किंवा लघवी बंद झाली असेल, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

हे सगळं घरात करायचं. पण गटारातून गेलेल्या पाइपचं पाप आईच्या पदरी टाकणं मला मान्य नाही. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं, की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा मागताना संकोच नको.

या आठवड्यात गल्लीतली चार घरं एकत्र या. आपली पाइप कुठून जाते ते पाहा आणि गटारात असेल तर वर उचलून घ्या. मोटर कुणीच लावायची नाही, असं आपसांत ठरवा. पाण्याची तपासणी आणि संडासाची दुरुस्ती, दोन्हींसाठी वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.