तर-तमभाव : इंग्रजी, मराठी आणि तमिळ

चेन्नईच्या अण्णा नगरातील उद्यानात जो मनोरा आहे, तो १९६८ साली भरलेल्या व्यापार-उद्योग प्रदर्शनासाठी उभारण्यात आला. अण्णा सालैवरील, म्हणजे पूर्वीच्या माउंट रोडवरील, आयुर्विमा महामंडळाची उंच इमारत १९५९ सालची. या दोन वास्तूंच्या वयाची तुलना तीन भाषांत मांडली, तर विशेषणाच्या तर-तमभावाचा प्रश्न नेमका कोठे आहे हे ध्यानात येते.

इंग्रजीत ‘द बिल्डिंग इज ओल्डर दॅन द टॉवर’ असे म्हणावे लागते. मराठीत ‘इमारत मनोऱ्यापेक्षा जुनी आहे’, तर तमिळमध्ये ‘गोपुरत्तै विड कट्टिडम् पऴैयदु’. इंग्रजीत विशेषणाचे रूपच पालटले. मराठीतील ‘जुनी’ हे रूप नामाच्या लिंगवचनाला अनुसरते, तुलनेला नव्हे. तुलना सांगितली ती ‘मनोरा’ या उपमानाला जोडलेल्या ‘पेक्षा’ने. तमिळमध्येही विशेषण जसेच्या तसे राहते. उपमान द्वितीयेत जाते आणि त्यापुढे ‘विड’ हा शब्द येतो. त्याच्या मुळाशी ‘सोडणे’ या अर्थाचा धातू आहे. मराठीचा ‘हून’ हा पंचमीचा, म्हणजे वियोगाचाच प्रत्यय. कुळाने परक्या असलेल्या या दोन भाषा येथे एकाच वाटेने जातात.

संस्कृतात दोन्ही खुणा एकत्र होत्या. दोहोंच्या तुलनेसाठी पाणिनीने ‘तरप्’ व ‘ईयसुन्’, आणि अतिशयासाठी ‘तमप्’ व ‘इष्ठन्’ हे प्रत्यय सांगितले. शिवाय उपमान पंचमीत ठेवले जाई. प्राचीन इंग्रजीतही विशेषणाला प्रत्यय लागे आणि उपमान चतुर्थीसारख्या विभक्तीत येऊ शके. पुढे इंग्रजीने विभक्ती टाकली व विशेषणाचा प्रत्यय राखला. मराठीने विशेषणाचा प्रत्यय टाकला व उपमानाची खूण राखली. एकाच वारशाची ही निरनिराळी वाटणी होय.

टाकलेल्या प्रत्ययाचे अवशेष मराठीत आहेत, परंतु ते निर्जीव आहेत. ‘श्रेष्ठ’, ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’ यांतील ‘इष्ठ’ आणि इंग्रजी ‘ओल्डेस्ट’मधील ‘एस्ट’ हे सगोत्र प्रत्यय. तथापि मराठी माणूस ‘अधिक श्रेष्ठ’ व ‘सर्वश्रेष्ठ’ असे निःशंकपणे म्हणतो. इंग्रजीतही ‘निअर’ हे मुळात तुलनादर्शक रूप होते. त्याचा विसर पडल्यावरच ‘निअरर’ घडले.

यावरून मराठी विद्यार्थ्याच्या एका नेहमीच्या चुकीची उपपत्ती लागते. एकाक्षरी इंग्रजी विशेषणास ‘अर’ लागतो (‘टॉल–टॉलर’). शेवटी ‘ई’ उच्चार असलेल्या द्व्यक्षरी विशेषणासही बहुधा तोच (‘हॅपी–हॅपिअर’). दीर्घ विशेषणापूर्वी ‘मोअर’ येतो (‘मोअर ब्यूटिफुल’). ‘गुड–बेटर’, ‘बॅड–वर्स’ ही रूपे अनियमित. हे पाठ असूनही तो ‘मोअर टॉलर’ लिहितो. कारण मराठीत ‘त्याच्यापेक्षा उंच’ आणि ‘त्याच्यापेक्षा अधिक उंच’ ही दोन्ही शुद्ध आहेत. ‘अधिक’ तेथे केवळ बळकटी आणतो. शेक्सपिअरच्या काळी अशी दुहेरी रूपे इंग्रजीतही शिष्ट लेखनात चालत. अठराव्या शतकातील वैयाकरणांनी ती त्याज्य ठरविली. ‘सीनियर’, ‘सुपीरियर’ ही लॅटिनमधून आलेली तुलनादर्शक रूपे. त्यांच्यापुढे ‘दॅन’ नव्हे, ‘टू’ येतो, हाही भेद वेगळा शिकवावा लागतो.

अनुवादकापुढील अडचण याच्या उलट आहे. इंग्रजी लेखक उपमान न सांगता नुसते ‘ओल्डर’ म्हणून थांबू शकतो; कशाहून, ते वाचकावर सोडतो. मराठीत उपमान गेले की तुलनेची खूणही जाते. मग अनुवादकाला ‘अधिक’ घालावा लागतो, ‘त्याहून’ म्हणून उपमान सुचवावे लागते, किंवा ‘थोरला’, ‘धाकटा’ यांसारख्या तुलना पोटात बाळगणाऱ्या शब्दांचा आश्रय करावा लागतो. यांपैकी काहीही निवडले, तरी मूळची मोघमता थोडीफार उणावते.

तात्पर्य, शालेय व्याकरणातील ‘तर-तम’चा तक्ता संस्कृताला व इंग्रजीला जितका लागू पडतो, तितका मराठीला पडत नाही. मराठी व तमिळ विद्यार्थ्यांना इंग्रजी तुलना शिकविताना आरंभ या तक्त्यापासून न करता उपमानापासून करावा. आपल्या भाषेत तुलनेचा भार नामावर आहे आणि इंग्रजीत तो विशेषणावर जातो, एवढे एकदा उमगले म्हणजे ‘मोअर’ केव्हा अनावश्यक ठरतो, हे निराळे घोकावे लागत नाही.